‘वाढ व प्रजनन’ : रेशीम-अळीच्या आहारावरील मराठी लेखनाचे परीक्षण

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने रेशमाच्या अळीविषयी लिहावे, यात काही वाचकांस अधिकारातिक्रमण वाटण्याचा संभव आहे. अळीचे वजन करण्याचा किंवा अंडी मोजण्याचा माझा अधिकार नाही, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु वजन केल्यानंतर आणि अंडी मोजल्यानंतर जे वाक्य लिहिले जाते, ते भाषेचे असते. आणि त्या वाक्यातून वाचकाच्या हाती नेमके काय पडते हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मराठी गोषवारे भाषेच्या दृष्टीने पाहून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत असते. निरनिराळ्या पाल्यावर वाढविलेल्या रेशीम-अळ्यांची तुलना हा त्यांतील एक आवडता विषय. प्रयोग वेगळे, हात वेगळे, आकडे वेगळे. पण समारोपाचे वाक्य बहुधा एकाच साच्यातले : अमुक वनस्पती ‘वाढ व प्रजनन या दोन्ही दृष्टींनी सर्वाधिक उपयुक्त आढळली’. प्रस्तुत लेखात ह्या एका वाक्याचेच परीक्षण करावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ‘वाढ’, ‘प्रजनन’ आणि त्यांना जोडणारा ‘व’ हे तिन्ही शब्द प्रयोगाने दाखविलेले पुष्कळसे झाकून टाकतात. आणि जे झाकले जाते त्याचीच वाचकाला गरज असते.

हा प्रश्न केवळ शब्दांच्या शुद्धतेचा मानता येत नाही. तासगाव हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा तालुका. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात इथल्याच बागेतील निवडीतून पुढे आली. पण अवकाळी पाऊस आणि फवारणीचा खर्च यांनी बागाईतदार गांजला, की तो जोडधंद्याच्या शोधात निघतो. सांगली जिल्ह्यात काही शेतकऱ्यांनी तुती लावली आहे ती ह्याच ओढीने. तालुक्यातील अशाच एका शेतकऱ्याच्या हाती एक गोषवारा पडला होता. त्याने मला विचारले, “सर, ह्यात अमका पाला चांगला म्हणून लिहिलंय. चांगला म्हणजे कशाला चांगला? कोषाला, का अंड्याला? अंडी काय आम्ही घरात धरत नाही, ती केंद्रावरनं येत्यात.” ज्या वाक्यावर मी केवळ व्याकरणाच्या खुणा करीत होतो, त्याचा खरा दोष ह्या प्रश्नाने उघडा केला.

ह्या प्रश्नामागील वस्तुस्थिती अशी. तुतीच्या रेशमाचा शेतकरी संकरित अळी वाढवितो. तिचे अंडीपुंज बीजोत्पादन केंद्रात तयार होतात. शेतकरी ते, किंवा चॉकी केंद्रातील लहान अळ्या, आणतो, आणि कोष तयार होताच विकतो. धागा अखंड उलगडता यावा म्हणून पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोषातील जीव उष्णतेने मारला जातो. म्हणजे त्याच्या घरातील अळीला प्रजननाचा अवसरच मिळत नाही. ‘प्रजननास उपयुक्त पाला’ ही माहिती बीजोत्पादकाच्या कामाची. ‘वाढीस उपयुक्त पाला’ ही शेतकऱ्याच्या कामाची. दोघांना एकाच वाक्यात बसविले, की दोघांपैकी कुणालाच आपले उत्तर मिळत नाही.

आता शब्द एकेक घेऊ. पहिला शब्द ‘वनस्पती’. ‘निरनिराळ्या वनस्पतींचा आहार’ असे शीर्षक घेऊन आलेल्या निबंधात पुष्कळदा व्ही-१, एम-५, एस-३६ यांची तुलना असते. हे तिन्ही तुतीचे वाण होत, वनस्पती एकच. बॉम्बिक्स मोरी ही अळी व्यवहारतः एकाच वनस्पतिकुलाशी, त्यातही तुतीशी, बांधलेली आहे. चीनमध्ये तुतीची आप्त असलेल्या कुड्रानिया वृक्षाचा पाला पूर्वीपासून वापरीत, पण तो अपवाद म्हणून. खरोखर निरनिराळ्या वनस्पतींची तुलना करावयाची तर ती रेशीम देणाऱ्या इतर अळ्यांत शोभते : ऐन, अर्जुन व साल यांवर वाढणारी टसर, एरंड, कसावा व केसेरू यांवर वाढणारी एरी, सोम व सोआलू यांवर वाढणारी आसामची मुगा. वाणांची तुलना आणि वनस्पतींची तुलना यांतून निघणारी अनुमाने निराळ्या जातीची असतात. वाणांच्या तुलनेत अळीची रुची स्थिर असते आणि पानाचा कस तेवढा बदलतो. वनस्पतींच्या तुलनेत दोन्ही बदलतात. एका शब्दाच्या सैल वापराने हा भेदच नाहीसा होतो.

रुची आणि कस यांतील भेद शास्त्राने किती बारकाईने केला आहे, हे पाहण्याजोगे आहे. जपानमधील हामामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात अळीच्या अन्ननिवडीचे तीन टप्पे वेगळे केले : वासाने ओढणारी द्रव्ये, चावा घ्यावयास लावणारी द्रव्ये आणि गिळावयास लावणारी द्रव्ये. तुतीच्या पानात ही तिन्ही आहेत. पुढे २००६ साली कोन्नो आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की तुतीच्या चिकात शर्करेसारखी भासणारी अल्कलॉइडे असतात. ती इतर अळ्यांना, एरीच्या अळीलासुद्धा, विषारी ठरतात, पण तुतीच्या अळीला बाधत नाहीत. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी अळीच्या एका चव-ग्राहकाचे जनुक निकामी केले, तेव्हा त्या अळ्या सामान्य अळी ज्यांना तोंड लावीत नाही अशी फळे आणि धान्येही खाऊ लागल्या. तात्पर्य, अळी एखादे पान खात नाही याचा अर्थ त्या पानात कस नाही असा होत नाही. आणि अळी एखादे पान खाते एवढ्यावरून ते तिला मानवते असेही ठरत नाही.

ह्याच प्रकाशात ‘यजमान वनस्पती’ हा शब्द पाहावा. इंग्रजी संज्ञेचे हे भाषांतर सोयीचे खरे. पण मराठीत यजमान म्हटला की आदरातिथ्य आले, आग्रह आला. तुतीचे झाड अळीला पाट मांडून बसवीत नाही. ते चीक सोडून खाणाऱ्याला हुसकावते, आणि ही एक अळी त्या विषाला पुरून उरते. ‘पोषक वनस्पती’ हा दुसरा पर्याय. त्याची अडचण निराळी. पोषक म्हणजे आश्रय देणारी आणि पोषक म्हणजे पुष्टिकारक, हे दोन्ही अर्थ एका शब्दात आल्यामुळे ‘अमुक पोषक वनस्पती कमी पोषक आढळली’ अशी वाक्ये लिहिण्याची पाळी येते. ‘अन्नवनस्पती’ हा साधा शब्द वापरावा, असे मी सुचवितो. अळी ती खाते, एवढेच तो सांगतो. ती अळीला मानवते की नाही, हे प्रयोगाने सांगावयाचे असते.

आता ‘वाढ’. अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष विणू लागेपर्यंत तिचे वजन सुमारे दहा हजार पट होते. चार वेळा कात टाकून ती पाच अवस्था ओलांडते. ह्या अवधीत खाल्लेल्या एकूण पाल्यापैकी सुमारे ८५ टक्के पाला एकट्या पाचव्या अवस्थेत खाल्ला जातो. आता ‘वाढ चांगली झाली’ म्हणजे काय? अंतिम वजन अधिक भरले? अळीचा काळ कमी दिवसांत आटोपला? मेलेल्या अळ्यांची संख्या कमी राहिली? कोषाचे कवच जड झाले? हे चार वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे एकाच दिशेची असतीलच असे नाही. निकृष्ट पाल्यावरची अळी कधी कधी चार दिवस अधिक खाऊन तेच वजन गाठते. वजनाच्या रकान्यात ती बरोबरीची ठरते. परंतु शेतकऱ्याच्या हिशेबात ते चार दिवस म्हणजे चार दिवसांचा पाला, चार दिवसांची मजुरी आणि रोगाला चार दिवसांची अधिक संधी.

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा वॉल्डबाउअर यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत समालोचनात पद्धतशीरपणे मांडला. कीटकाने किती खाल्ले, त्यातले किती पचले आणि पचलेल्यातले किती शरीरात रूपांतरित झाले, ही तीन मापे त्यांनी वेगळी ठेवली. आमच्या निबंधांतून ह्या मापांची भाषांतरे ‘उपभोग निर्देशांक’, ‘पचनीयता’, ‘रूपांतरण कार्यक्षमता’ अशी येतात. त्यात दोन गोष्टी हरवतात. एक, वॉल्डबाउअर यांनी पचनीयतेला मुद्दाम ‘अदमासे’ असे विशेषण लावले होते; कारण कीटकाच्या विष्ठेत न पचलेल्या अन्नाबरोबर शरीरातून टाकलेली मूत्रद्रव्येही मिसळलेली असतात. मराठीत विशेषण गळते आणि अदमास निश्चिती बनून बसतो. दुसरी गोष्ट अधिक खेदाची. ही तीन मापे सांगणारे शब्द आपल्या बोलीत तयार आहेत : खाणे, पचणे आणि अंगी लागणे. ‘पोर खातं खूप, पण अंगी लागत नाही’ असे म्हणणारी कुठलीही आजी वॉल्डबाउअर यांचे पहिले आणि तिसरे माप वेगळे करीत असते. ‘एरंडाच्या पाल्यापेक्षा अमुक पाला अळ्यांनी अधिक खाल्ला, परंतु तो कमी अंगी लागला’ हे वाक्य शास्त्रास उणेपणा आणीत नाही. उलट ‘उपभोग निर्देशांक वाढला असता रूपांतरण कार्यक्षमता घटली’ ह्या वाक्यापेक्षा ते वाचकाला लवकर कळते, आणि लेखकाला स्वतःचा आकडा समजला आहे की नाही याची परीक्षाही घेते.

‘पाला’ हा शब्दही विचार करण्याजोगा. व्याकरणदृष्ट्या तो समूहवाचक आहे : पाने मोजावी, पाला तोलावा. संगोपनाच्या पत्रकांतून म्हणूनच पाला किलोत येतो, आणि पाल्यातील पानापानाचा भेद विस्मरणात जातो. पहिल्या दोन अवस्थांतील अळीला शेंड्याकडचे, भरपूर पाणी असलेले कोवळे पान लागते. पाचव्या अवस्थेतील अळीला भरलेले, पक्व पान चालते आणि तेच हवे. एकाच झाडाच्या एकाच फांदीवर हे दोन आहार असतात. तेव्हा दोन वनस्पतींची तुलना करताना एकीचा शेंडा आणि दुसरीचा बुंध्याकडचा पाला घेतला गेला असेल, तर तुलना वनस्पतींची न होता वयाची झाली. आमच्या निबंधांत ‘ताजी, स्वच्छ पाने’ एवढेच लिहिलेले असते. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र कोवळा, भरलेला, जून, निबर, राठ, कोमेजलेला अशी पाल्याची पूर्ण श्रेणी आहे. परिभाषा घडवू पाहणाऱ्याने ही श्रेणी पानाच्या क्रमांकाशी आणि पाण्याच्या प्रमाणाशी जुळवून घेतली, तर नवे शब्द पाडण्याचे श्रम वाचतील.

इथवर ‘वाढ’ झाली, आता ‘प्रजनन’. रेशमाचा पतंग काही खात नाही. तुतीची मादी साधारणतः चारशे ते पाचशे अंडी घालते, आणि ती घडविण्यास लागणारे सर्व द्रव्य अळीच्या अवस्थेत साठविलेले असते. म्हणून आहाराचा प्रजननाशी संबंध आहे, हे खरेच. परंतु त्याच साठ्यावर दुसरा हक्क रेशमाचा असतो. रेशीम हे प्रथिन. अंड्यांतील बलकालाही प्रथिनच लागते. गंगाजळी एक आणि खर्चाची खाती दोन. एखाद्या पाल्यामुळे गंगाजळीच मोठी झाली, तर दोन्ही खाती भरतील. पण मोठ्या झालेल्या गंगाजळीचा वाटा कुठल्या खात्यात किती गेला, हे ‘व’ ह्या अव्ययाला सांगता येत नाही.

ह्यात एक गुंता लिंगभेदाचा आहे. मादीचा कोष एकंदरीने जड भरतो, कारण आतील मादी अंड्यांनी भरलेली असते. नराच्या कोषात एकूण वजनाच्या मानाने कवचाचा, म्हणजे रेशमाचा, वाटा अधिक असतो. आता एका पाल्यावरच्या नमुन्यात योगायोगाने माद्या अधिक आल्या, तर सरासरी कोष जड दिसेल आणि कवचाची टक्केवारी उतरेल; पाल्याचा ह्यात काही हात नसेल. नर आणि मादी वेगळे न लिहिता दिलेली सरासरी म्हणजे कर्ता गाळलेले वाक्य होय. ‘प्रजनन’ हा शब्दही ‘वाढ’ ह्याच्यासारखाच पोटात बरेच घेतो : अंडी किती घातली, त्यांतील किती फलित झाली, किती उबली, आणि उबलेल्या अळ्या पहिली कात टाकेपर्यंत किती टिकल्या. अंडी पुष्कळ आणि उबवण थोडी, अशा पाल्याला प्रजननास उत्तम म्हणावयाचे काय?

तुतीच्या शेतकऱ्याला हा प्रश्न प्रत्यक्ष भिडत नाही, हे वर आलेच. पण महाराष्ट्रातच असा एक प्रदेश आहे, जिथे ‘वाढ’ आणि ‘प्रजनन’ यांतील निवड माणसाच्या दाराशी येते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत ढीवर समाजातील कुटुंबे जंगलातील ऐन आणि अर्जुन वृक्षांवर टसरच्या अळ्या वाढवितात. ही अळी घरात वाढत नाही. तिला झाडावर सोडतात, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखतात, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्या झाडावर नेतात. बियाण्यासाठी राखलेल्या कोषातील जीव हिवाळा आणि उन्हाळा निद्रावस्थेत काढतो, आणि पावसाच्या तोंडाशी पतंग बाहेर येतो. ह्या काही महिन्यांत तो अन्नाचा कणही घेत नाही. अळीने झाडावर जे खाल्ले आणि जे तिच्या अंगी लागले, त्यावरच तिने उन्हाळा काढावयाचा, आणि उरलेल्यातून पुढच्या हंगामाची अंडी घालावयाची. इथे ‘वाढीला बरा पाला’ आणि ‘बियाण्याला बरा पाला’ हे प्रश्न निराळे ठेवावेच लागतात. कोणत्या झाडावरचे कोष विकावयाचे आणि कोणत्या झाडावरचे राखावयाचे, असा सल्ला निबंधातून निघावयास हवा; ‘दोन्हींसाठी उत्तम’ ह्या वाक्यातून तो निघत नाही.

शेवटचा शब्द ‘परिणाम’. ‘आहाराचा परिणाम’ असे शीर्षक लिहिताना आपण कार्यकारणाचा दावा करतो. तो करण्यापूर्वी हंगाम, उष्णता, आर्द्रता आणि पाल्याचे वय सारखे होते काय, हे सांगितले पाहिजे. अळ्यांची मागील पिढी कशावर वाढली होती, हेही सांगितले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या एरंडावर पोसलेली एरीची अळी एका पिढीपुरती दुसऱ्या पाल्यावर टाकली, तर जे दिसते त्यात पाल्याचा दोष किती आणि अनोळखीपणाचा किती, हे एका पिढीत कळणे कठीण. तासगावसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट अपरिहार्य आहे. रेशीम-अळी ही कीटकच असल्यामुळे कीटकनाशक तिला सोडीत नाही, आणि द्राक्षबागेवरील फवारा वाऱ्याने शेजारच्या तुतीवर येतो. अशा पाल्यावर अळ्या मेल्या, तर तो ‘आहाराचा परिणाम’ म्हणावयाचा की शेजाराचा? पाला कुठून तोडला, हे एक वाक्य निबंधात असते, तर हा प्रश्न सुटला असता.

ह्या विवेचनावरून आमचे विद्यार्थी निष्काळजी आहेत, असा ग्रह कुणी करून घेऊ नये. पुष्कळांच्या तक्त्यांत मी मागतो त्यांतील बरीच माहिती रकान्यारकान्याने दिलेली असते. ती हरवते ती तक्त्याकडून वाक्याकडे येताना. आणि ही परंपरा आपल्याला परकी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘पत्रोर्णा’ म्हणजे पानांवरची लोकर म्हणून जे द्रव्य येते, त्याची ओळख अनेक विद्वानांनी रानरेशमाशी पटविली आहे. तेथे नागवृक्ष, लिकुच, बकुल आणि वट ही त्याची उगमस्थाने सांगून नागवृक्षाची पिवळी, लिकुचाची गव्हाळ, बकुलाची पांढरी आणि उरलेली लोण्याच्या रंगाची, असे झाडागणिक वर्ण दिले आहेत. आजही आसामात मुगाची अळी मेजांकरी वृक्षावर वाढविली, की नेहमीच्या सोनेरीऐवजी फिकट दुधी रेशीम मिळते. त्या प्राचीन लेखकाने कोणते झाड ‘सर्वच दृष्टींनी उत्तम’ ते विचारले नाही. कोणत्या झाडाचा कोणता रंग, एवढे नेमके नोंदविले. प्रश्न लहान ठेवल्यामुळे त्याचे उत्तर आजही वाचता येते.

तेव्हा माझी सूचना एवढीच. आहाराच्या तुलनेचा समारोप एका वाक्यात करू नये. चार वाक्यांत करावा. अळ्यांनी काय आणि किती खाल्ले. त्यातले किती पचले. किती अंगी लागले, आणि किती दिवसांत. पुढच्या पिढीला काय पुरले, नराचे वेगळे आणि मादीचे वेगळे. ह्या चार वाक्यांपैकी एखाद्याचे उत्तर प्रयोगात नसेल, तर ते वाक्य लिहू नये. त्याच्या जागी ‘व’ घालून पुढे जाऊ नये. असे लिहिलेला गोषवारा तासगावच्या त्या शेतकऱ्याच्या हाती पडला, तर तिसरे वाक्य तो आपल्यासाठी ठेवील आणि चौथे केंद्रासाठी सोडून देईल. गडचिरोलीतील टसर राखणारा दोन्ही वाचील. ‘कशाला चांगला?’ हे विचारण्याची वेळ मग दोघांपैकी कुणावरही येणार नाही.